फुटकी वाटी

माझा आवाज चांगला नाही. हे मी विनयाने म्हणत नाही. वीस-बावीस वर्षे साठ-साठ मुलांच्या वर्गात 'गप्प बसा' हे दोन शब्द ओरडल्यावर माणसाच्या गळ्याचे जे व्हायचे ते माझ्या गळ्याचे झाले आहे. त्यातून मी चित्रकलेचा मास्तर. इतिहासाच्या मास्तराला निदान तास संपेपर्यंत बोलावे तरी लागते. आम्ही फळ्यावर एक रेघ ओढतो, तिच्याकडे बोट दाखवतो आणि खुर्चीवर जाऊन बसतो. मला शब्द लागतात ते कादंबऱ्या लिहिताना, आणि ते काम मुकाट्याने होते.

शिक्षणाच्या नावानेही फार सांगण्यासारखे नाही. मी मॅट्रिक. म्हणजे दहावी, पण आमच्या घरात अजून तिला मॅट्रिकच म्हणतात. पुढे ड्रॉइंग मास्तर होण्यापुरती एक पदविका घेतली आणि दप्तर खुंटीला टांगले. मात्र 'आमच्या घरातला पहिला मॅट्रिक' हा किताब मला तेव्हा मिळाला तो कायमचा चिकटला. वडील असेपर्यंत आल्यागेल्या पाहुण्याला ते हे कौतुकाने सांगत, आणि चहाचे कप गोळा करता करता आई मान हलवी. माझ्या तिन्ही कादंबऱ्यांच्या पाठीवर लेखकाचा परिचय म्हणून मी तेच वाक्य छापून घेतले आहे. दुसरे काही छापण्यासारखे नव्हतेच.

तेव्हा गेल्या उन्हाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली आणि म्हणाली, "सर, तुमचा आवाज हवाय," तेव्हा मला प्रथम वाटले, ही कुठल्यातरी निवडणुकीला उभी आहे आणि रिक्षात भोंगा लावून फिरायला तिला माणूस मिळत नाही. पण तिचे म्हणणे निराळे होते. ती आमच्या गावच्या वाचनालयात नोकरीला आहे. वाचनालयाच्या माडीवर दोन खोल्यांचे एक वस्तुसंग्रहालय आहे. त्याच्या किल्ल्या तिच्या कमरेला असतात, म्हणून तीच त्याची अधिकारी.

आमचे गाव माणदेशातले. पाऊस कमी, मेंढरे पुष्कळ. अशा गावात संग्रहालय असावे याचेच परक्याला नवल वाटते. गावच्या नवलाचा मात्र विषय तो कधीच नव्हता. दोन तोफगोळे, एक गंजलेली तलवार, पालखीचा दांडा, मोडीतल्या कागदांची गाठोडी, समया, अडकित्ते, पानाचे डबे, पाय घासायच्या वज्र्या, धान्याची मापे – पायलीपासून चिपट्यापर्यंत ओळीने मांडलेली – आणि प्रत्येक वस्तूपुढे पिवळी पडलेली एकेक चिठ्ठी. या साऱ्यांत टवटवीत रंगाची एकच गोष्ट होती: 'कृपया वस्तूंना हात लावू नये' ही पाटी. ती दरवर्षी रंगवतात. वर्षातून दोनदा, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन झाल्यावर आम्ही मुलांची रांग त्या जिन्याने वर नेतो आणि दुसऱ्या जिन्याने खाली आणतो. एरवी तिथे कबुतरे असतात.

"माणसं जिना चढत नाहीत, सर," ती म्हणाली. "तर आपणच वस्तू त्यांच्या घरी नेऊ. आपण पॉडकास्ट सुरू करू."

पॉडकास्ट म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते असे म्हणणे आता शोभत नाही. पण जे ठाऊक होते ते पुरते ठाऊक नव्हते. रेडिओवरचा कार्यक्रम आणि वही यांच्या मधली ती एक गोष्ट आहे. रेडिओ आपल्या वेळेला बोलतो. आपण घरी असू वा नसू, त्याला पर्वा नाही. पॉडकास्ट वहीसारखा पडून राहतो, केव्हाही उघडावा, हवे तिथे थांबावे. हा शब्दही जुना नाही. खिशात मावणारे 'आयपॉड' नावाचे गाणी वाजवण्याचे यंत्र निघाले, त्याचे अर्धे नाव आणि प्रसारणाच्या इंग्रजी शब्दाचे अर्धे, असा सांधा एका इंग्रज पत्रकाराने २००४ साली जुळवला. ते यंत्र बनायचे थांबले, शब्द उरला.

मी शंका काढली. "अगं, संग्रहालय ही पाहायची गोष्ट. ती कानाला कशी दाखवणार?"

तिने मोबाईल पुढे सरकवला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने आणि बीबीसीने २०१० साली असा उद्योग केला होता. म्युझियमचे तेव्हाचे संचालक नील मॅक्ग्रेगर यांनी शंभर वस्तू निवडल्या आणि शंभर भागांत, दर भागाला पाव तास, त्यांच्यावरून जगाचा इतिहास सांगितला. तोही रेडिओवर, म्हणजे ऐकणाऱ्याला एकही वस्तू समोर दिसत नसताना. सुरुवात इजिप्तच्या एका ममीपासून होते. तेराव्या भागात आपली सिंधू संस्कृतीची मुद्रा येते. आणि शंभरावी वस्तू कोणती असावी? राजाचा मुकुट नाही, हिरा नाही; उन्हावर चालणारा एक साधा दिवा. मी दोन भाग ऐकले. इंग्रजी सगळे कळले नाही, पण माणूस वस्तूपुढे उभा राहून सावकाश बोलतो आहे, एवढे कळले. आणि चित्रकलेच्या मास्तराला ते ओळखीचे वाटले.

मी होकार दिला.

ध्वनिमुद्रण म्हणजे काय प्रकार असतो ते पुढच्या आठवड्यात कळले. माडीला वर पत्रा आणि खाली शहाबादी फरशी. मी एक वाक्य बोललो की ते समोरच्या भिंतीवर जाऊन परत येई, आणि दुसऱ्यांदा ऐकल्यावर ते मला पटत नसे. त्यातून कबुतरांचे घुमणे, खाली एस. टी. स्टँडवरची पुकार, आणि आम्ही नेमके सुरू केले की हमखास येणारा भंगारवाला. शेवटी तिने घरून चार गोधड्या आणल्या, दोन कपाटांच्या मध्ये दोरीवर टाकल्या आणि त्या राहुटीत मला बसवले. मे महिना, अंगावर घामाच्या धारा, एका हातात कागद, दुसऱ्या हातात विजेरी, नाकासमोर मोबाईल. कागद उलटला की त्याचा आवाज यंत्रात येतो, म्हणून पाने सुटी करून चटईवर पसरलेली. पंखा लावायचा नाही. पाणी प्यायचे, पण घोट घेताना यंत्र थांबवायचे. आणि एवढे सोसून बोललेले ऐकावे तर साठ मुलांना गप्प बसवणारा मास्तर!

"सर, वर्गाशी बोलू नका," ती म्हणाली. "एका माणसाशी बोला."

"कोणाशी?"

"घरी कोण आहे ऐकणारं?"

घरी आई आहे. सत्तरी गाठलेली. काचबिंदूने तिची दृष्टी हळूहळू नेली. आता खिडकीचा उजेड कळतो, खिडकीत कोण उभे आहे ते कळत नाही. दिवसभर ती रेडिओ ऐकते. माझी एकही कादंबरी तिने स्वतः वाचलेली नाही. बायकोने वाचून दाखवल्या. तिसरी ऐकून झाल्यावर तिचा अभिप्राय आला: "फार बोलतात रे तुझी माणसं."

मी आईशी बोलायचे ठरवले.

पहिली वस्तू निवडताना मला एक शोध लागला, आणि त्याने माझी मान थोडी ताठ झाली. मापांच्या शेजारी एक तांब्याची पातळ, अर्धगोल वाटी होती. चिठ्ठीवर लिहिले होते: 'तांब्याची वाटी (फुटकी).' मी ती उजेडाला धरली. तळाशी एक भोक होते खरे. पण ते फुटल्याचे भोक नव्हते. सुईच्या अग्राएवढे, बरोबर मध्यावर, कडा घोटून गुळगुळीत केलेले. कुणीतरी फार जपून पाडलेले ते भोक होते. ती वाटी फुटकी नव्हतीच. ते घटिकापात्र होते.

आजच्या मुलांना हे सांगावे लागते. पाण्याने भरलेल्या घंगाळात असे पात्र तरंगत सोडायचे. तळाच्या छिद्रातून पाणी आत चढते, पात्र जड होत जाते आणि भरले की बुडते. बुडायला लागणारा वेळ म्हणजे एक घटका: चोवीस मिनिटे. अडीच घटकांचा तास, साठ घटकांचा दिवस-रात्र. लग्नमुंजीत जोशी असे पात्र मांडून मुहूर्त साधत. घड्याळे आली आणि ते गेले. पण जाताना आपल्या जिभेवर कितीतरी ठेवून गेले. 'घटकाभर बसा' म्हणताना आपण पाहुण्याला चोवीस मिनिटे देतो. माणसाची 'घटका भरली' म्हणताना पात्र बुडताना पाहिलेल्या लोकांची भाषा बोलतो.

एवढे सांगितले असते तरी भाग उत्तम झाला असता. पण मी कादंबरीकार. मला वाटले, ऐकणारा घरी बसलेला, त्याच्यापुढे वस्तू नाही. त्याला धरून ठेवायला काहीतरी हवे. आणि ते काहीतरी माझ्या लेखणीतून आपोआप उतरले. पेशवाईतला एक सरदार, याच भागातला; मोहिमेवरून घोडा फेकत येतो, मांडवात मशाली, घंगाळात हीच वाटी तरंगते आहे, ती बुडायला दोन पळे उरली असताना तो अंतरपाटामागे येऊन उभा राहतो! मी सरदाराला नाव दिले नाही. तेवढी सचोटी पुरे असे मला वाटले.

गंमत अशी की याच्या नेमके उलट मी वर्गात रोज शिकवतो. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांपुढे टेबलावर तांब्या आणि दोन कांदे मांडतो आणि बजावतो: "जे दिसतं ते काढा. जे ठाऊक आहे ते काढू नका." तांब्याचे तोंड गोल असते हे ठाऊक असते म्हणून मुले गोल काढतात, दिसते ते लंबगोल. मी तर त्याहून पुढे गेलो होतो. जे दिसले नाही आणि जे ठाऊकही नाही, ते मी काढले होते.

भाग गाजला. गाजला म्हणजे पहिल्या आठवड्यात जी काही माणसे ऐकून गेली त्यांत आमच्या नात्याबाहेरचीही काही निघाली. वाचनालयाच्या चिटणीसांनी रस्त्यात थांबवून हात हातात घेतला. "सरदार झकास उभा केलात, मास्तर." चार माणसे जिना चढून वाटी पाहून गेली. मी खूष होतो.

ऑगस्टात शाळेत निबंधस्पर्धा झाली. विषय: 'आमच्या गावचा ठेवा.' परीक्षक मी. सात वह्यांत माझा सरदार निघाला. एकाने त्याला पांढरा घोडा दिला होता, एकीने नवरीचे नाव घातले होते, आणि सातवीतल्या एका चुणचुणीत मुलाने लिहिले होते की त्या थोर सरदाराने घोड्याला त्याच वाटीने पाणी पाजले. खाली लाल शाईने 'ऐतिहासिक माहिती उत्तम' असा शेरा मारायला माझा हात सवयीने उचलला आणि थांबला. सात वह्या. उद्या ही मुले शिक्षक होतील, सरपंच होतील, संग्रहालयाच्या चिठ्ठ्या लिहितील. फुटकी वाटी लिहिणाऱ्याने एक चूक केली होती. ती वाटी हातात घेऊन पाहणाऱ्याला सापडली. माझा सरदार कुणाला कुठे सापडणार?

त्याच रात्री मी बायकोकडून भाग पुन्हा लावून घेतला. आई पलंगावर बसून ऐकत होती. संपल्यावर बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली:

"कोणाची वाटी म्हणालास?"

"घटिकापात्र आहे ते, आई. जुनं आहे."

"ते कळलं. सरदार कोणता?"

मी गप्प.

"पातळ आहे का रे ती? काठाला एका बाजूला दाबल्यासारखी? अंगठा बसेल एवढी?"

काठाला एका बाजूला पोचा होता. अंगठ्याएवढा. तो मी चित्रात काढला होता, पण भागात सांगितला नव्हता. सरदाराच्या लग्नात पोचा शोभला नसता.

"मग ती माझ्या लग्नातली," आई म्हणाली. "आमच्या गावच्या जोशीबुवांची."

आईचे लग्न १९७३च्या वैशाखातले. ७२ साली पाऊस गेला होता आणि तो उन्हाळा म्हणजे दुष्काळाचा गळ्याशी आलेला घोट. गावोगाव दुष्काळी कामे निघालेली, बायामाणसे खडी फोडायला जात होती, पोरांना सुकडी मिळे. आजोबांनी मांडव घातला तो चार बांबूंचा. जेवणाला माणसे मोजून बोलावली, कारण अन्नापेक्षा पाणी कमी होते. घंगाळ भरायला जोशीबुवांनी स्वच्छ पाणी मागितले. विहिरीच्या तळातले होते ते आणले, दुहेरी फडक्याने गाळले, तरी ते चहासारखेच राहिले.

"मांडवात वारा सुटला होता," आई सांगू लागली. "पाणी हलतं म्हणून जोशीबुवांनी घंगाळ आत आणलं, मी गौरीहर पूजत बसले होते तिथं शेजारी ठेवलं. नवरीनं मान वर करायची नाही. मान खाली घातली की समोर ती वाटीच. मी तिच्याकडेच बघत बसले. आणि ती बुडेना. अर्धी भरली आणि थांबली. गाळ बसला असणार भोकात. बाहेरून विचारणा होतेय, झाली का घटका. जोशीबुवा म्हणतात, नाही. कामावरचे एक ओव्हरसियर जेवायला बोलावलेले, त्यांच्या मनगटाला घड्याळ. ते म्हणाले, वेळ होऊन गेली. जोशीबुवा म्हणाले, माझी घटका भरली नाही. शेवटी घड्याळावरच लग्न लागलं. म्हाताऱ्यानं वाटी उचलली, भोकात फुंकर मारली, धोतरानं पुसली. त्यांचे हात कापत होते."

मला प्रथम वाटले, आईने कुठेतरी ऐकलेली गोष्ट आपल्या लग्नाला जोडली. कारण अशी गोष्ट आहेच. भास्कराचार्यांच्या मुलीच्या लग्नात तिच्या अंगावरचा मोती घटिकापात्रात पडला, छिद्र बुजले, मुहूर्त टळला. मग बापाने तिच्या नावाने 'लीलावती' लिहिली. गोष्ट गोड आहे. पण 'लीलावती' ११५०ची, आणि ही कथा सांगतो तो फैजी, १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात. मधे चारशेहून अधिक वर्षे गेली. म्हणजे घटिकापात्र दिसले की त्यात काहीतरी टाकावे असे वाटणारा मी पहिला नाही.

"लीलावतीची गोष्ट ऐकलीयस का ग?" मी सहज विचारल्यासारखे विचारले.

"कसली लीलावती? विहिरीतला गाळ होता," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाचनालयात गेलो आणि जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले. माडीवरच्या कपाटात तळाला संग्रहालयाची दाखल-नोंदवही होती. चिठ्ठ्या नंतर कुणीतरी, कपाटांना रंग दिला तेव्हा, नव्याने लिहिल्या असाव्यात, वही मूळची. अक्षर वळणदार. १९७४ सालच्या पानावर एक ओळ: 'घटिकापात्र, तांबे, नग १. स्थिती चालू. देणार –' आणि आईच्या माहेरगावच्या जोशीबुवांचे नाव. शेवटच्या रकान्यात कारण: 'आता जरूर नाही.'

स्थिती चालू, आणि तरी जरूर नाही. लग्नानंतर वर्षाच्या आत म्हातारा ती वाटी घेऊन, एस. टी.ने वा चालत, आमच्या गावी आला होता आणि हा जिना चढला होता. त्या तीन शब्दांपुढे माझा घोडेस्वार मला फार पोरकट वाटू लागला.

तेव्हा पुण्याची आठवण झाली. सहलीच्या मुलांना घेऊन बाजीराव रस्त्यावरचे राजा दिनकर केळकर संग्रहालय मी किती वेळा पाहिले आहे! दिनकर केळकर (१८९६–१९९०) हे चष्म्याच्या व्यवसायातले गृहस्थ. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. पण आयुष्य घातले ते वस्तू गोळा करण्यात. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी तो संग्रह उभा केला आणि १९७५ साली सरकारच्या स्वाधीन केला. तिथे मस्तानीचा महाल आहे खरा. पण मुले खिळून राहतात ती अडकित्त्यांपुढे, दिव्यांपुढे, वज्र्यांपुढे. कुणा बाईने पाय घासले, कुणी सुपारी कातरली, एवढ्याच आधारावर त्या वस्तू तिथे मानाने बसल्या आहेत. त्यांना सरदार लागत नाही. हे मी मुलांना दरवेळी तिथे उभे राहून सांगतो, आणि माझ्या गावच्या वाटीला मात्र मला सरदार लागला.

मी मुलीला सगळे सांगितले. ती रागावली नाही. हे अधिक वाईट. थोडा वेळ विचार करून म्हणाली, "पहिला भाग काढून टाकू नये, सर. ज्यांनी ऐकला त्यांनी ऐकलाच. दुसरा भाग करू. त्यात तुम्ही सांगा. आणि आजींना आणा."

आईला जिना चढवायला दोघे लागलो. माडीवर आल्यावर तिने विचारले, "इथं काय काय आहे?" आणि मला प्रथमच उमगले की या दोन खोल्या तिला दुहेरी बंद होत्या: पाहता येत नाही, आणि हात लावायचा नाही. मुलीने चिटणीसांची परवानगी काढली होती. तिने ती रंगवलेली पाटी उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली.

आईने एकेक वस्तू हातात घेतली. "हे चिपटं. हे निम्मं. ही वज्री, खरबरीत आहे अजून. हा अडकित्ता डावऱ्या माणसाचा आहे रे." अडकित्ता आम्ही कितीदा पाहिला होता, तो डावखुऱ्याचा आहे हे कुणाला दिसले नव्हते. शेवटी वाटी तिच्या हातात दिली. तिने काठावरून बोट फिरवले, पोचा आला तिथे अंगठा टेकवला आणि तसाच राहू दिला.

चिंच-मीठ लावून वाटी लखलखीत करायचा माझा बेत मुलीने हाणून पाडला. जुन्या तांब्यावरचा काळसर थर हाच त्याचे कातडे असतो, तो घासायचा नसतो. आम्ही फक्त पाणी नीट गाळून घेतले. घंगाळ फरशीवर ठेवले. भोवती गोधड्या टांगल्या. यंत्र सुरू झाले. आधी मी बोललो: पहिल्या भागातला सरदार मी रचलेला आहे, वाटीविषयी खरे तेवढे वहीत लिहिले आहे, आणि सात मुलांच्या वह्यांत गेलेली चूक माझी आहे. हे बोलताना माझा आवाज वर्गातला राहिला नव्हता. मग आईने वाटी पाण्यावर सोडली, आणि आम्ही बसलो.

चोवीस मिनिटे ही फार मोठी वेळ असते. आईने दुष्काळाची हकिगत पुन्हा सांगितली, जशी मला सांगितली होती तशीच. एक शब्द वाढवला नाही. मग ती थांबली. मला वाटले, संपले. पण ती म्हणाली:

"ती बुडेना तेव्हा मला बरं वाटलं होतं."

मी काही बोललो नाही.

"मार्चात मी मॅट्रिकला बसले होते. त्या वेळी अकरावीला असायची. पेपर चांगले गेले होते. पुढं शिकायचं होतं. पण घरात खाणारी तोंडं, पाणी नाही. स्थळ आलं, ठरवलं. मी वाटीकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, बसू दे गाळ. असाच बसू दे."

खाली स्टँडवर एक गाडी सुटली. मुलीने यंत्राकडे पाहिले, पण थांबवले नाही.

"निकाल जूनमध्ये लागला. तुझ्या मामानं येऊन सांगितलं, पास झालीस म्हणून. दाखला आणायला कोणी गेलं नाही."

"पण आई," मी म्हणालो, "आपल्या घरात पहिला मॅट्रिक –"

"तुझे वडील सातवी. त्यांनी तुझं कौतुक करायचं आणि मी मधेच बोलायचं, ते बरं दिसलं नसतं. आणि तू तरी किती खूष होतास!"

तीन पुस्तकांच्या पाठीवर छापलेले ते वाक्य मला आठवले. ते मी रचलेले नव्हते. मला ते ठाऊक होते. ठाऊक होते म्हणून मी ते काढले होते, आणि चहाचे कप गोळा करता करता हललेली मान माझ्या डोळ्यांसमोर असून मी पाहिली नव्हती.

"हे सगळं यंत्रात गेलं का रे?" आईने विचारले.

"गेलं. काढून टाकता येईल."

ती जराशी विचारात पडली. "राहू दे," म्हणाली. "तुझ्या सरदारापेक्षा बरं आहे."

मुलगी हसली, मीही हसलो, आणि मग पुन्हा कुणी बोलेना. मी घंगाळाकडे पाहत होतो. वाटीचा काठ पाण्याच्या जवळ आला होता. इतका जवळ, की आता जाईल, आता जाईल असे वाटे आणि ती जात नसे. भिंतीकडे तोंड केलेल्या पाटीवर एक कबुतर येऊन बसले. माझी नजर क्षणभर तिकडे गेली.

आईने मान वर केली.

"बुडाली," ती म्हणाली.

मी वाकून पाहिले. वाटी तळाशी टेकली होती आणि तिच्यातून निघालेला शेवटचा बुडबुडा अजून वर येत होता.